पोपडी

बाबा, दार टिकलं. चार महिन्यांचा पाऊस आणि खाडीवरचा खारा वारा खाऊनही टिकलं. दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी रेवदंड्याला गेले आणि कोणी यायच्या आत देवीच्या देवळासमोर उकिडवी बसून ते दार इंच इंच चाचपलं. कडांना नख लावलं, बिजागऱ्यांच्या मागे बोट घातलं, खालच्या फळीला, जिथे पागोळ्यांचं पाणी उडतं तिथे, खरवडायच्या पट्टीचं टोक दाबून बघितलं. टिकलीएवढा रंगसुद्धा सुटला नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुला वाटायचं की पुन्हा रंग निघाला म्हणून पोरगी चिडून लिहायला बसलीय. रंग बसलाय. मी चिडलेय ती तुझ्यावर, आणि तुला जाऊन आता सत्तावीस वर्षं झाली, त्यामुळे चिडायचं तरी कुठे जाऊन, हा प्रश्नच आहे.

तू मला म्हसळ्याला दिलीस तिथवरचं तुला माहीत आहे. पुढचं थोडक्यात सांगते. तिथे मी बसस्थानकाच्या मागे पत्र्याची शेड टाकलीय. दारं, खिडक्या, पलंग, टेबलं, ज्याला म्हणून रंग नाहीतर पॉलिश लागतं ते सगळं माझ्याकडे येतं. आता नागावला घरोघरी पाहुणे ठेवतात, त्यांची कामंही येतात. समुद्राच्या काठावर लाकूड टिकवायचं म्हणजे काय, ते त्या लोकांना पहिल्या पावसाळ्यात कळतं आणि मग ते मला शोधत येतात. मी त्यांच्यासमोर कोऱ्या फळीवर पाण्याचा थेंब टाकते आणि तो जिरेपर्यंत थांबते. पुण्याहून आलेली माणसं मोबाईल काढून त्याचा व्हिडिओ घेतात. थेंब टाकायची ही रीत तुझी आहे, हे मी त्यांना सांगत नाही. म्हसळ्यात मला सगळे मिस्त्रीबाई म्हणतात. फक्त आपल्या कोळीवाड्यात पाय ठेवला की मी पोपडी होते. मागच्या वर्षी एका लग्नाला आले होते, अंगावर चांगली जरीची साडी, बरोबर माझा वीस वर्षांचा मुलगा, आणि मांडवातली एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "पोपडी आयली गो!" मुलाने मला विचारलं, आई, पोपडी म्हणजे काय? मी म्हटलं, लाडाचं नाव आहे. हे नाव मला कोणामुळे पडलं, ते तुला वेगळं सांगायला नको.

रंगाची एवढी मिजास असते ना बाबा, पण खरं काम अस्तराचं, हे मी तुझ्याकडूनच शिकले. दुकानदार त्याला प्रायमर म्हणायचे, तू अस्तरच म्हणायचास. कपड्याला आतून लावतात तेच. ते दिसत नाही, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं. होड्या ओढून काठावर घेतल्या की मी खरवडायची, घासायची, पुसायची, गुलाबी अस्तर मारायची, आणि मग तू चार इंची ब्रश घेऊन यायचास आणि वरचा रंग मारायचास. लोक कमरेवर हात ठेवून बघत उभे राहायचे ते तुझ्या ब्रशाकडे. माझे हात दिवाळीपर्यंत गुलाबी राहायचे. एकदा शाळेत बाईंनी विचारलं, मेंदी आहे का, तर सगळा वर्ग हसला. मी तुला ते सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "हसू दे. रंग निघंल तवा ते माझा नाव घेतील. टिकंल तवा पन माझाच घेतील. तुला काय?" हे तुला समाधानाचं बोलणं वाटलं असणार. मला ते आजही झोंबतं.

आणि तो थेंब. तो तू मला आईच्या स्वयंपाकघरात शिकवलास. आई चुलीपुढे भाकऱ्या थापतेय, बोंबलाचं कालवण उकळतंय, आणि तू सुताराकडून आणलेला नवा पाट जमिनीवर ठेवून माझ्यासमोर बसला आहेस. तांब्यात बोट बुडवून तू पाटावर एक थेंब सोडलास. तो पसरला, काळपट झाला आणि आत गेला. मग आईचा जुना पोळपाट ओढलास, सणासुदीच्या तेलपोळ्या लाटून लाटून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर दुसरा थेंब सोडलास. तो तसाच उभा राहिला, गोल, हलवला तर इकडून तिकडे पळणारा. "लाकूड तहानलेला असंल तर पितो," तू म्हणालास. "पोट भरलेला असंल तर वर उभा ठेवतो. पोट भरलेल्याला अस्तर पाजायला जाऊ नको, तो वकून टाकंल." म्हणून होडीच्या पोटात तेल आणि बाहेरच्या अंगाला रंग. जिथे मुशीचं, त्या शार्क माशाचं, तेल लागलंय तिथे रंगाचा ब्रश न्यायचा नाही, हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की ते माझ्या स्वप्नातसुद्धा यायचं. त्या दिवशी आईने पोळपाट तुझ्या हातातून ओढून घेतला आणि तुला चांगलं सुनावलं. तू हसत होतास. तुझं तसं हसणं मला फार थोड्या वेळा आठवतं.

आता दाराचं. देवळाचं नवं सागवानी दार सुताराने पावसाच्या तोंडावर करून दिलं, पण गवंड्याचं काम लांबलं, म्हणून दोन्ही झडपा आपल्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवल्या. चारही महिने त्या तिथेच होत्या. मी त्या पावसाळ्याच्या सुरुवातीलाच महिनाभर मावशीकडे होते, तिच्या बाळंतपणाला. परत आले तेव्हा दार तिथेच, जरा गडद दिसत होतं, पण पावसात सगळंच लाकूड गडद दिसतं. दसऱ्यानंतर देवळाचे अध्यक्ष आले. तुझे जुने दोस्त, मी त्यांना काका म्हणायची. पान खात पडवीत बसले आणि म्हणाले, "दार बोडका कसा दिसंल? निला मार. आपले होडीवानी." तू बराच वेळ काही बोलला नाहीस. मला ते चांगलं आठवतंय, कारण तू असा गप्प बसणारा नव्हतास, विशेषतः रंगाच्या बाबतीत कोणी तुला शिकवायला लागलं तर. मग तू माझ्याकडे न बघताच म्हणालास, "दार हीच करंल. अस्तर पन हिचा, रंग पन हिचा."

मी एकोणीस वर्षांची होते. वरचा रंग माझा. देवीच्या दाराचा. अख्खा कोळीवाडा ज्या दारासमोर हात जोडून उभा राहणार, त्याच्यावर माझ्या ब्रशाची रेघ. मी धावत आत जाऊन आईला सांगितलं आणि तिने माझ्या हातावर गूळ ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मी दार धरलं. पॉलिश पेपर घेऊन दोन्ही अंगं घासली, ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या. आठ दिवस उन्हात फिरवून फिरवून वाळवली. थेंबही टाकला. मग अस्तराचा पातळ हात, तो वाळल्यावर बारीक पेपर, भेगांत लांबीचा लगदा भरून पुन्हा पेपर, पुन्हा अस्तर. वर निळ्याचे दोन हात. तू एकदाही जवळ आला नाहीस. लांबून जाता-येता बघायचास. मी समजले, बाबाचा माझ्यावर विश्वास बसला.

पुढच्या नारळी पौर्णिमेला काय झालं ते तुझ्यासमोरच झालं. बाहेर पावसाची भुरभुर, सगळे नटूनथटून देवळात, नारळ मिरवत निघायच्या तयारीत. कोणीतरी आत शिरताना दाराला हात टेकला आणि निळ्या रंगाचा मोठा पापुद्रा त्याच्या ओल्या हाताला चिकटून आला. मग पोरंसोरं पुढे झाली. केळ्याची साल सोलावी तसं सोलत गेली. खाली लाकूड स्वच्छ, जसं काही कधी ब्रश लागलाच नव्हता. एकाने पापुद्रा उलटा धरला, तर त्याची पाठ गुलाबी. तुला आणि मला दोघांना कळलं की वरचा रंग अस्तराला घट्ट धरून आहे, सुटलंय ते अस्तर, लाकडापासून. म्हणजे घोळ सगळ्यात खाली. काकांनी तुला विचारलं, "काय रं, ह्या काय झाला?" आणि तू, बाबा, तू त्या सगळ्या माणसांसमोर, देवीसमोर, म्हणालास, "अस्तर हिचा हाय. वल्या लाकडावर मारलान. पोरीला घाई फार."

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, पोपडी. एवढंच. एका श्वासात माणसाचं नाव बदलतं. मी पापुद्र्याचा तो तुकडा मुठीत धरून घरी आले आणि चुलीत टाकला. त्याचा काळा धूर झाला म्हणून आई ओरडली. त्या वर्षी मी तुझ्याबरोबर होड्यांवर आले नाही, आणि तूही ये म्हणाला नाहीस. दोन वर्षांनी लग्न ठरलं. निघताना तू एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू माझ्या पिशवीत सरकवलीस. म्हसळ्याला जाऊन उघडून बघते तर तुझा चार इंची ब्रश, रॉकेलमध्ये धुऊन, केस विंचरून ठेवलेला. घरात कोणाला हात लावू द्यायचा नाहीस तो. मला वाटलं, तू टोमणा मारतोस. की घे, आता तरी नीट मार. तो फडक्यासकट मी ट्रंकेच्या तळाशी फेकला. वर्षाच्या आत तुझ्या छातीत कळ आली आणि मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर त्या दारावर किती रंगारी आले असतील. दर तीनचार वर्षांनी कोणीतरी यायचा, वरवर खरवडायचा, नवा रंग फासायचा, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. आणि प्रत्येक जण जाताना सांगून जायचा की आमचं काम चोख आहे, पण खाली ज्याने पहिलं अस्तर मारलं त्याने घाण करून ठेवलीय. म्हणजे तीस वर्षं त्या दाराचा प्रत्येक पापुद्रा माझ्या नावावर. मी म्हसळ्यात शंभर दारं टिकवली तरी रेवदंड्यात पोपडीच. गेल्या चैत्रात काकांचा फोन आला. आता ऐंशीच्या पुढे आहेत, आवाज चिरका झालाय, पण हुकूम तोच. "ह्या वर्साला फायबरचा दार बसवतो हाव. जुना भंगारात. पन तुझे बापानी संभालला व्हता म्हून एकदा तुला इचारतो. टिकवून दावतेस?" मी म्हटलं, दाखवते. या वेळी सुटलं तर दार गेलं, आणि माझं नाव मरेपर्यंत पोपडी.

वैशाखात मी रेवदंड्याला आले, आईकडे मुक्काम केला आणि झडपा उतरवून देवळाच्या मागे मांडवाखाली आडव्या टाकल्या. या वेळी वरवर खरवडायचं नाही, पार लाकडापर्यंत जायचं असं ठरवलं होतं. माझ्याकडे गरम हवा फेकणारं यंत्र आहे, त्याने रंग फुगतो आणि पट्टीने सोलला जातो. थरावर थर निघत गेले, हिरवा, तपकिरी, पुन्हा निळा, आणि सगळ्यात खाली, कोपऱ्याकोपऱ्यात उरलेला, माझा गुलाबी. तो सोलून मी उघड्या लाकडावर यंत्र धरलं, आतली ओल काढावी म्हणून. आणि बाबा, लाकडाला घाम फुटला. बारीक बारीक चकाकणारे ठिपके वर आले आणि वास आला. मी यंत्र बंद केलं. पुन्हा लावलं. पुन्हा तोच वास. जगात कोणालाही विचार, त्याला ती नुसती घाण वाटेल. मला तो वास तुझ्या बंडीचा वाटला. मुशीचं तेल. दार तुझ्या तेलाने वरपासून खालपर्यंत भरलेलं होतं.

मी तिथेच जमिनीवर बसले. काका काठी टेकत बघायला आले. "काय गो, काय झाला? बसलीस का?" माझ्या तोंडात सगळं तयार होतं. सांगावं, की बघा, वास घ्या, हे तीस वर्षांचं पाप कोणाचं ते. त्यांच्या नाकाशी ती फळी धरावी असं वाटत होतं. आणि मी म्हटलं, "काय नाय काका. जुनी ओल हाय." ते मान हलवून म्हणाले, "व्हय, तुझा बापूस तवाच बोललेला." मी पट्टी इतक्या जोरात आपटली की तिचं टोक वाकलं.

घरी येऊन आईला विचारलं. आई आता सुकटीच्या टोपलीपुढे बसते, विकत नाही, फक्त निवडते. मी विचारलं, बाबाने देवीच्या दाराला तेल पाजलं होतं का? तिने मान वर न करता सांगितलं, "पाजलाच असंल. पावसाचे आधी तो कशाला तेल पाजायचा नाय? उंबऱ्याला पाजायचा, माझे मासली सुकवायचे फल्यांना पाजायचा. दार पडवीत व्हता ना चार महिने. देवीचा दार फुगंल म्हून दोनदा पाजला, तू मावशीकडं व्हतीस तवा." मी म्हटलं, मग मी रंग मारायला घेतला तेव्हा मला सांगितलं का नाही? आई म्हणाली, "मना काय ठावा, रंगाला तेल चालत नाय? ह्या त्याला इचारायचा व्हता." मी म्हटलं, तो नाही ना आता. तिने सुकटीतली एक बारीक कोळंबी उचलून बाजूला टाकली आणि म्हणाली, "मंग आता काय इचारतेस."

म्हणून तुला विचारतेय. तेल पाजलंस याचा मला राग नाही, हे नीट समजून घे. तू होडीवाला माणूस, पाऊस येतोय म्हटल्यावर समोर लाकूड दिसलं की तुझा हात तेलाच्या डब्याकडे जाणारच. त्यात तुझी भक्तीच असणार. दार तसंच बिनरंगाचं, तेलावर ठेवलं असतं तर शंभर वर्षं टिकलं असतं. पण काकांनी निळा म्हटल्यावर तू गप्प का बसलास? एक वाक्य होतं. दाराला तेल लागलंय, त्यावर रंग धरणार नाही. संपलं. काकांना नाही म्हणायची तुझी टाप नव्हती का? की देवीच्या दाराला न विचारता मासळीचं तेल चोपडलं हे लोकांना कळलं तर काय म्हणतील, याची भीती वाटली? बरं, ते जाऊ दे. तू दार मला दिलंस ते का दिलंस? बक्षीस म्हणून दिलंस, की ते सुटणार हे माहीत होतं म्हणून दिलंस? तीस वर्षं मी आयुष्यातला सर्वांत मोठा मान म्हणून जो दिवस जपून ठेवला, तो मान होता की मला पुढे ढकलून तू मागे सरकलास? याचं उत्तर मला कोण देणार? आई म्हणते, तेव्हा विचारायचं. काका म्हणतात, बापूस तेव्हाच बोललेला. आणि तू ब्रश देतोस. माफी मागायची होती तर तोंडाने मागायची, बाबा. फडक्यात गुंडाळून पिशवीत सरकवायची नाही. मला ती सत्तावीस वर्षं टोमणा वाटली.

दार मी कसं केलं तेही ऐक, तुला ऐकायला आवडेल आणि मला सांगायला. खडूची पूड थिनरमध्ये कालवून तिचा लेप दारावर थापला आणि वाळू दिला. वाळताना तो लेप आतलं तेल वर ओढून घेतो, झाडून टाकलं की पूड पिवळट, तेलकट झालेली. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी तोच वास, प्रत्येक वेळी मी तुझ्याशी मनात भांडतेय. चौथ्या वेळी पूड पांढरीच राहिली. मग थेंब टाकला. तो जरा थांबला आणि आत गेला, हळूहळू, पण गेला. तरी माझा विश्वास बसेना, म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन हात दिले, आत काही उरलं असेल तर ते वर येऊ नये म्हणून. ती लाख तेलकट अंगालाही धरते आणि वरच्या अस्तरालाही. तुझ्या वेळी लाख फक्त पॉलिशवाले वापरायचे. मग अस्तर, पातळ, गुलाबीच घेतलं मुद्दाम. मग निळा. वरचा शेवटचा हात तुझ्या ब्रशाने मारला. ट्रंकेतून काढला, दोन दिवस भिजवून मऊ केला. चांगला चालतो अजून. याचाही राग आला.

दसऱ्याला काकांनी सगळ्यांसमोर दारावर थाप मारली. दार घुमलं. मी बाजूला उभी होते, जमलेल्यांत ती लग्नाच्या मांडवातली म्हातारीही होती. काका म्हणाले, "बगा! बापाचा हात हाय हिला!" सगळ्यांनी माना डोलवल्या. म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "बापावर गेली पोर." तीस वर्षं सुटलं तेव्हा माझं, आणि टिकलं तेव्हा तुझं. तू सांगितलं होतंस तसंच, शब्दाला शब्द. मी हसले, प्रसाद घेतला आणि बाहेर येऊन चपला घालताना मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते, निव्वळ संताप होता. तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं. वाचायला तू नाहीस, आणि दुसऱ्या कोणाला मी हे दाखवणार नाही, त्यामुळे हा कागदही ट्रंकेतच जाईल, ब्रशाच्या फडक्यात.

मी सांगितलं का नाही, याचा विचार गेले आठ दिवस करतेय. तुझी लाज राखली, असं मी स्वतःला सांगून बघितलं. ते खरं नाही. वर मी लिहिलंय की दार घासलं, पुसलं, वाळवलं आणि थेंबही टाकला. त्या थेंबाचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही. तो जिरला नाही, बाबा. डाव्या झडपेच्या मधल्या फळीवर टाकला होता, तो गोल उभा राहिला, आईच्या पोळपाटावर राहिला होता तसाच. मी म्हटलं, साग आहे, साग जरा तेलकट असतोच. दुसरा टाकला नाही. तू पडवीच्या टोकाला जाळं शिवत होतास, हाक मारली असती तर आला असतास. पण तू येऊन बघितलं असतंस तर दार माझ्याकडून काढून घेतलं असतंस. म्हणून मी पदराने तो थेंब टिपून घेतला आणि अस्तराचा डबा उघडला. तू तेव्हा माझ्याकडे बघत होतास की नाही, मला माहीत नाही. मी मान वर केली नाही.